सेवेला पदवी कशाला?

दहावी-बारावीचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांतून गुणपत्रिका, कट-ऑफ आणि प्रवेशाच्या फेऱ्या यांवाचून दुसरा विषय नसतो. पदवीचा निकाल मात्र कोणाच्या खिजगणतीत नसतो. त्यातून पदवी कला शाखेची असेल तर नाहीच नाही. प्रस्तुत लेखक स्वतः बी.ए. असल्यामुळे हे अनुभवाने सांगू शकतो. म्हणूनच गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक जुना मित्र सपत्नीक घरी आला आणि ‘मुलीच्या पुढच्या शिक्षणाबद्दल बोलायचे आहे’ असे म्हणाला, तेव्हा मला थोडा सन्मान झाल्यासारखेच वाटले.

मित्र लहानपणापासून शाखेत वाढलेला. बँकेतील नोकरी आता संपत आलेली. रविवारची सकाळ गेली कित्येक वर्षे वस्तीतील अभ्यासिकेसाठी राखून ठेवलेली. त्याची मुलगी मानसशास्त्र घेऊन प्रथम वर्गात बी.ए. झाली होती आणि आता तिला ‘एमएसडब्ल्यू’ करायचे होते. एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. शासकीय मराठीत ‘समाजकार्य पारंगत’.

‘‘तू समजाव तिला. काकांचे ऐकते ती,’’ मित्र म्हणाला.

‘‘पण हरकत काय आहे?’’

‘‘अरे, सेवा ही काय विद्यापीठात शिकण्याची गोष्ट आहे? तुझी-माझी आई कोणत्या महाविद्यालयात गेली होती? शेजारी कोणी आजारी पडले की आपल्या घरून डबा जात होता. पूर आला, भूकंप झाला, आपण धावून गेलो. कोणी प्रमाणपत्र मागितले होते का? सेवाभाव मनात असावा लागतो. तो असेल तर पदवीची गरज नाही आणि नसेल तर पदवीचा उपयोग नाही.’’

वाक्य बिनतोड होते. एखाद्या बौद्धिकात शोभावे असे. मग चहा झाला, आणि कपबशी खाली ठेवता ठेवता त्याने दुसरा प्रश्न विचारला, ‘‘आणि पगार तरी काय मिळणार?’’ वहिनींनी त्याला पुस्ती जोडली, ‘‘उद्या स्थळे पाहताना सांगायचे काय, मुलगी काय करते म्हणून?’’

दुसरा प्रश्न खरा आहे, त्याकडे नंतर वळू. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मी दिले नाही. कारण आयुष्याची बरीच वर्षे मीही हेच वाक्य थोड्याफार फरकाने लोकांना ऐकवत होतो. ‘पगारी समाजसेवक’ हा आमच्या मित्रमंडळीत चेष्टेचा शब्द होता. ती चेष्टा माझ्या मनातून कशी उतरली हे सांगायचे तर किल्लारीला जावे लागेल.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. गणपती विसर्जन करून गावे नुकती झोपली होती. चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जमीन हादरली आणि दगड-मातीच्या जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. मी तेव्हा पदवी घेऊन एका वृत्तपत्रात उमेदवारी करत होतो. चौथ्या दिवशी जुन्या कपड्यांनी भरलेल्या एका ट्रकबरोबर आम्ही सास्तूरच्या बाजूला पोहोचलो. वर पाऊस, खाली चिखल. रांग लावली आणि हाताला येईल ते कापड समोरच्या हातात देऊ लागलो.

रांगेत एक वृद्ध बाई होती. चांगल्या नांदत्या शेतकरी घरातली असावी. मी तिच्या हातात एक विटलेली साडी ठेवली. तिने ती उलगडून पाहिली आणि शांतपणे म्हणाली, ‘‘बाबा, आमच्यात उतरलेलं लुगडं नेसत न्हाईत.’’

मला राग आला. तो आज आठवला तरी ओशाळल्यासारखे होते. एवढ्या लांबून आम्ही रात्रभर प्रवास करून आलो, आणि हिला अजून मानापमान सुचतो आहे! ‘‘आजी, असल्या वेळी असे बघायचे नसते,’’ असे काहीसे मी बोललो. तिने मान दुसरीकडे वळवून साडी घेतली, चार पावले गेली आणि पडलेल्या भिंतीच्या दगडांवर ती ठेवून निघून गेली. संध्याकाळी पाहिले तर आम्ही वाटलेले निम्मेशिम्मे कपडे चिखलात पडले होते आणि त्यांवर जनावरे उभी होती.

त्याच ठिकाणी समाजकार्य महाविद्यालयातून आलेली एक विद्यार्थिनी होती. वय बावीस-तेवीस. तिच्याकडे वाटायला काहीच नव्हते. एक जाड वही होती. ती एकेका कुटुंबापाशी तासन्‌तास बसे, थोडे बोले, बरेच ऐके आणि मग बाजूला जाऊन लिही. आम्ही आपसात म्हणालो, ‘‘जनगणना चालली आहे वाटते!’’ आमच्या ट्रकमधून आलेल्या एका सज्जनांना एका सात-आठ वर्षांच्या मुलाची फार दया आली. त्याचे आई-वडील गेले होते. ‘याला मी घेऊन जातो, माझ्या मुलांबरोबर वाढेल,’ असे ते म्हणाले, आणि ते मनापासूनच म्हणत होते. त्या मुलीने वही उघडली. मुलाचा मामा उमरग्याला होता. तो दोन दिवस वेगवेगळ्या छावण्यांतून भाच्याला शोधत होता. कोणाचे मूल कोणाकडे आहे, कोणत्या बाईचा नवरा गेला, जमीन कोणाच्या नावावर आहे, सातबारावर तिचे नाव आहे की नाही, हे सगळे त्या वहीत होते.

आम्ही तिसऱ्या दिवशी परतलो. ती तेथेच राहिली.

सेवाभाव आमच्यातही होता. तो कमी पडला असे मी आजही म्हणणार नाही. पण समोरच्या माणसाला काय हवे आहे हे विचारल्याशिवाय देऊ नये, एवढी साधी गोष्ट आम्हाला कोणी शिकवली नव्हती. तिला ती शिकवली होती.

हे शिक्षण नेमके काय असते, याची आपल्या घरांतून फारशी कल्पना नसते. पुष्कळांना वाटते, दोन वर्षे समाजसुधारकांची चरित्रे वाचायची आणि परीक्षेत भाषण लिहून यायचे. वस्तुतः या अभ्यासक्रमाचा कणा वर्गात नसून वर्गाबाहेर आहे. आठवड्यातील साधारण दोन दिवस विद्यार्थ्याने एखाद्या रुग्णालयात, बालगृहात, वस्तीत, शाळेत किंवा पोलीस ठाण्यात काम करायचे. याला ‘क्षेत्रकार्य’ म्हणतात. त्याखेरीज एक ग्रामीण शिबीर, अभ्यास दौरा, शेवटी महिनाभर एकाच संस्थेत सलग काम आणि बहुतेक ठिकाणी एक प्रबंध. वर्गात व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, संशोधन आणि प्रशासन या पद्धती शिकवितात. सोबत मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि कायदा.

यातील सर्वांत कंटाळवाणी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे नोंद. भेट झाली की कोण काय बोलले, आपण काय बोललो, बोलताना आपल्या मनात काय आले, हे सारे लिहून काढायचे आणि मार्गदर्शक प्राध्यापकांपुढे ठेवायचे. पत्रकार म्हणून एकदा अशा एका बैठकीत बसण्याची संधी मला मिळाली. कोणाचे नाव उच्चारले जाणार नाही, या अटीवरच आत घेतले होते. एका विद्यार्थ्याने वस्तीतील एका बाईची नोंद वाचली. नवरा दारू पिऊन मारतो हे कळल्यावर त्याने तिला नवऱ्याला सोडून देण्याचा आणि पोलिसांत जाण्याचा सल्ला दिला होता, तोही पानभर. वाचून झाल्यावर तो कौतुकाच्या अपेक्षेने थांबला.

प्राध्यापिकेने विचारले, ‘‘तिने सल्ला मागितला होता का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ती कशासाठी आली होती?’’

‘‘रेशन कार्डासाठी. नाव वेगळे कसे काढायचे ते विचारत होती.’’

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग त्या मुलाच्याच लक्षात आले. ज्या बाईला विभक्त शिधापत्रिका हवी आहे, तिचा निर्णय केव्हाच झालेला असतो. तिला सल्ला नको होता, कार्ड हवे होते. ते कसे मिळते हे या मुलाला ठाऊक नव्हते, आणि पुढच्या आठवड्यात ते शोधून काढणे हा त्याचा गृहपाठ ठरला.

निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा; आपण त्याला बळ द्यायचे. ऐकलेले चव्हाट्यावर आणायचे नाही. दुसऱ्याच्या दुःखात स्वतःच्या मोठेपणाची हौस भागवायची नाही. या तीन गोष्टी उपदेशाने कळतात, पण अंगवळणी पडत नाहीत. त्यासाठी दोन वर्षे कोणीतरी वही तपासावी लागते. आणि आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. स्वयंसेवकालाही ऐन उन्हाळ्यात वर्गाला जावेच लागते; भावना आहे म्हणून शिक्षण नको, असे तेथे कोणी म्हणत नाही. मग सेवेलाच तेवढे शिक्षण नको, हा न्याय कोठला?

मित्राने उदाहरणे दिली होती ती गाडगे महाराजांची, बाबा आमट्यांची. मोठी माणसे नियमाला अपवाद असतात आणि आपण आपल्या मुलांना अपवादांच्या भरवशावर वाढवत नाही. शिवाय मोठ्या माणसांचीही गोष्ट आपण अर्धीच सांगतो. नागपूरच्या कमलाताई होस्पेट बालविधवा होत्या. त्यांनी आधी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि मग १९२१मध्ये वेणूताई नेने यांच्यासह मातृसेवा संघ उभा केला. त्याच संस्थेने पुढे नागपुरात समाजकार्याचे महाविद्यालय चालविले. तळमळ होती म्हणून त्या शिकल्या. तळमळ आहे म्हणून शिकण्याची गरज नाही, असे त्यांनी मानले नाही.

आता या शिक्षणाचा उपयोग कोठे होतो ते पाहू. जिल्ह्याच्या गावाहून मोठ्या शहरातील रुग्णालयात आलेला रुग्ण आणि त्याच्याबरोबरचा गोंधळलेला नातेवाईक डोळ्यांसमोर आणा. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे, खर्चाचा आकडा ऐकून घरातले गप्प झाले आहेत. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मान्य केलेल्या योजनेने हे बंधन घातले आहे. जन आरोग्य योजना आहे, मुख्यमंत्री सहायता निधी आहे. पण कोणता कागद कोठे लागतो हे त्या नातेवाइकाला सांगणार कोण? ते काम वैद्यकीय समाजकार्यकर्त्याचे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६मध्ये अशी पहिली नेमणूक झाली, असे या क्षेत्राचा इतिहास सांगतो. शासकीय रुग्णालयांत या पदाला ‘समाजसेवा अधीक्षक’ असे भारदस्त नाव आहे.

आणि केवळ कागदांचेच काम नाही. क्षयरोगाचे औषध साधारण सहा महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि रोजंदारीवरचा माणूस औषध सोडून कामावर जातो. डॉक्टर त्याला रागावतात. राग योग्यच असतो, परंतु त्याने औषध सुरू होत नाही. समाजकार्यकर्ता विचारतो, दवाखान्याची वेळ कोणती आणि तुझ्या मजुरीच्या नाक्याची कोणती? क्षयरुग्णाला पोषणासाठी केंद्र शासन देते ती रक्कम नोव्हेंबर २०२४पासून दरमहा १००० रुपये झाली आहे. ती खात्यात जमा होते का? खाते आहे का? औषध सुटण्याचे कारण पुष्कळदा अशा एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या गाठीत असते.

कायद्यालाही आता या माणसांवाचून चालत नाही. मूल दत्तक द्यायचे तर इच्छुक दांपत्याच्या घरी जाऊन अहवाल समाजकार्यकर्ता लिहितो. बालगुन्हेगारीच्या प्रकरणात मुलाची घरची परिस्थिती मंडळापुढे सामाजिक तपास अहवालातून येते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मनोसामाजिक कार्यकर्त्याची व्याख्या आहे आणि त्यासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी व त्यापुढील एम.फिल. अशी पात्रता सांगितली आहे. पोलीस ठाण्यात आलेल्या पीडित स्त्रीला आधार देणारा विशेष कक्ष मुंबई पोलिसांकडे १९८४पासून आहे आणि हरवलेल्या, संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी १९९६मध्ये सुरू झाला. हे दोन्ही उपक्रम टाटा समाजविज्ञान संस्थेच्या क्षेत्रकार्यातून जन्मले. या संस्थेतील वैचारिक वातावरणाविषयी आपल्या वर्तुळात नाराजी आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असे मला वाटत नाही. परंतु चांगल्या कामाला दाद देताना हात आखडता घेऊ नये.

तेथल्याच ‘कोशिश’ या प्रकल्पाचे एक काम तर प्रत्येक पालकाने जाणून घ्यावे. बिहार शासनाने आपल्या राज्यातील निवारागृहांची तपासणी या गटाकडे सोपविली होती. २०१८मध्ये त्यांच्या अहवालातून मुझफ्फरपूर येथील बालिकागृहातील अत्याचार उघडकीस आले. तीसहून अधिक मुली. त्या गृहात शासकीय अधिकारी आधीही येत होते, नोंदवहीत सह्या होत होत्या. मुलींचे कल्याण पाहणाऱ्या समितीतील माणसे पुढे आरोपींच्या पिंजऱ्यात उभी राहिली. जानेवारी २०२०मध्ये दिल्लीतील न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरविले. इतकी वर्षे जे कोणाला दिसले नाही ते या तरुण मंडळींना कसे दिसले? घाबरलेले मूल कोणासमोर बोलते आणि कोणासमोर गप्प बसते, हे शिकलेली माणसे तेथे पोहोचली म्हणून. फळे-बिस्किटे वाटून छायाचित्र काढून येणारे दाते अशा कितीतरी गृहांत जाऊन येतात. मीही गेलो आहे. मला कधी काही दिसले नाही, आणि तेथे सारे आलबेल होते म्हणून दिसले नाही की मला पाहताच येत नव्हते, हे आता मी सांगू शकत नाही.

एवढे सगळे म्हटल्यावर या शिक्षणातील दोषांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

समाजकार्याचे शिक्षण आपल्याकडे परकीय रोपासारखे आले, असे सरसकट म्हटले जाते. ते पूर्णतः खरे नाही. ना. म. जोशी यांनी १९११मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने १९२०च्या सुमारासच कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षणाचा छोटा अभ्यासक्रम सुरू केला होता. गिरणगावातील रात्रशाळा, वाचनालये, सहकारी पतपेढ्या यांच्या अनुभवातून ते प्रशिक्षण उभे राहिले होते. पदवीच्या धर्तीवरचे शिक्षण मात्र १९३६मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विद्यालयाने सुरू झाले. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकी गृहस्थ होते आणि पुस्तकेही तिकडचीच आली. मॅनशार्ट यांनी नागपाड्याच्या वस्तीत वर्षानुवर्षे काम केले होते, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्यांच्यानंतरच्या अनेकांनी मात्र केवळ पुस्तकेच उचलली.

त्या पुस्तकांतील व्यक्तिसहाय्य कार्य म्हणजे बंद खोली, समोरासमोर दोन खुर्च्या आणि ठरलेली वेळ. आपल्याकडे दहा बाय दहाच्या खोलीत बाईची मुलाखत सुरू झाली की सासू दारात येऊन बसते, शेजारीण पाणी घेऊन येते, दीर कॉटवरून मध्येच दुरुस्ती करतो. पुस्तकाच्या दृष्टीने हा गोपनीयतेचा भंग. पण त्या बाईचे निम्मे दुःख आणि बहुधा सगळा आधार त्याच खोलीत बसलेला असतो. त्यांना वगळून काय करणार? अनुभवी समाजकार्यकर्ते यातून वाट काढतात. कोणी बाईला पाणी भरायच्या वेळी नळावर गाठते, कोणी सासूलाच आधी बोलू देते. असे शहाणपण पुस्तकात यायला हवे होते. ते फार थोडे आले आहे.

भाषेचा प्रश्न याहून जिव्हाळ्याचा. बाई सांगते, ‘जीव घाबरा होतो’, ‘डोक्यात मुंग्या येतात’, ‘घर खायला उठतं’. विद्यार्थी हे इंग्रजीत लिहितो आणि तिन्हीसाठी एकच शब्द वापरतो, कारण त्याला तेवढाच येतो. वाक्य तपासणाऱ्यापर्यंत पोहोचते तोवर बाई नाहीशी झालेली असते. नागपूर, मराठवाडा, खानदेशातील महाविद्यालयांतून मराठीत लिहिण्याची मुभा आहे, ही समाधानाची गोष्ट. पण मराठीतून वाचायला सकस पुस्तके कितीशी आहेत? मार्गदर्शिका आणि नोट्स पुष्कळ. तीस-तीस वर्षे वस्तीत, पाड्यावर, रुग्णालयात काम केलेल्यांनी आपल्या नोंदी मराठीत ग्रंथरूपाने आणल्या, तर हे शिक्षण अंगच्या मातीत रुजेल. सेवाकार्यात आयुष्य घातलेल्या आपल्याकडील कार्यकर्त्यांनीही हे मनावर घ्यावे. आपण काम पुष्कळ करतो आणि लिहितो ते मात्र वृत्तान्त, तोही समारोपाच्या कार्यक्रमाचा.

काही महाविद्यालयांत क्षेत्रकार्य कागदावरच होते, हेही ऐकिवात येते. पत्रद्वारा पदवी घेता येते. ती नोकरी सांभाळणाऱ्यांची सोय आहे हे मान्य, पण पोहणे जसे पत्रद्वारा येत नाही तसेच हेही. महाराष्ट्रात अनुदानित समाजकार्य महाविद्यालये उच्च शिक्षण खात्याकडे नसून सामाजिक न्याय विभागाकडे आहेत. त्यामुळे ती शिक्षणाच्या पंक्तीतही पुढच्या पाटावर नसतात.

आणि मुख्य म्हणजे या व्यवसायाला देशात स्वतःची वैधानिक परिषद नाही. डॉक्टर, वकील, परिचारिका यांची नोंदणी होते. २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात वैद्यकीय आणि मनोसामाजिक समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला, ही चांगली सुरुवात आहे. बाकीचे बाहेरच आहेत. इंग्लंडमध्ये नोंदणी नसताना लोकांना फसविण्यासाठी स्वतःला ‘सोशल वर्कर’ म्हणविणे २००५पासून गुन्हा आहे. आपल्याकडे तो कायदा लागू केला तर चौकाचौकांतील वाढदिवसाचे किती फलक उतरवावे लागतील, याची वाचकांनी कल्पना करावी.

आता पगार. मित्राचा दुसरा प्रश्न. येथे गोड बोलून चालणार नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षातील समाजकार्यकर्त्याला केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दरमहा १८,५३६ रुपये मिळतात, तेही कंत्राटी. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माणसाच्या हाती हे पडते. एका जिल्ह्यातील संकटग्रस्त मुलांची जबाबदारी ज्याच्यावर, त्याला पुढच्या वर्षी आपण कामावर असू की नाही याची खात्री नसते. कंपनी कायद्याने २०१४पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले, त्यामुळे तिकडे बऱ्या पगाराच्या नोकऱ्या निघाल्या. हुशार मुले तिकडे जातात. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शासनाला नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या संस्थांचे काय? ‘मानधन’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात मान दिला की धनाचा प्रश्न निघत नाही. सभागृहाला रंग देणाऱ्याला बाजारभावाने पैसे देणारे विश्वस्त, त्याच सभागृहात रोज वीस मुलांशी बोलणाऱ्या प्रशिक्षित मुलीला ‘हे तर ईश्वरी कार्य आहे’ असे सांगतात. पूर्ण वेळ निष्कांचन राहून काम करणाऱ्यांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. पण ते व्रत ज्याने त्याने घ्यायचे असते. ते दुसऱ्याच्या नेमणूकपत्रात घालता येत नाही. ज्या संस्थेला रंगाऱ्याचा पगार परवडतो तिला समाजकार्यकर्त्याचाही परवडला पाहिजे.

हे सर्व मी मित्राला सांगितले. पगाराचा आकडाही लपविला नाही. वहिनींना म्हणालो, स्थळ पाहायला येणाऱ्यांना तिचे काम समजावून सांगा. ज्यांना ते समजून घ्यायचे नसेल त्यांच्या घरात मुलगी द्यावी का, हे तुम्हीच ठरवा. किल्लारीची गोष्ट मात्र मी प्रथमच कोणाला सांगत होतो. मित्र त्या ट्रकमध्ये माझ्या शेजारीच बसलेला होता. त्याला ती बाई आठवत नव्हती. वही घेऊन बसलेली मुलगी आठवत होती.

मुलीने प्रवेश घेतला. तिला पहिले क्षेत्रकार्य एका शासकीय रुग्णालयात, जळालेल्या स्त्रियांच्या कक्षात मिळाले. दिवाळीत मित्राचा दूरध्वनी आला तो तक्रारीचाच होता. आठवड्यातले दोन दिवस ती घरी येते, हातपाय धुते आणि जेवायच्या आधी तासभर लिहीत बसते. आईने एकदा विचारले, ‘‘काय गं, आज कोण भेटले?’’ तर म्हणाली, ‘‘आई, ते मला सांगता येणार नाही.’’

‘‘सख्ख्या आईला सांगत नाही, बोल!’’ मित्र म्हणाला. आवाजात राग होता, असे काही मला वाटले नाही.